गेनूची नडगी

भोर, ता. ४ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप दादांच्या पायांवर सोनबाचं डोकं. आईला नमस्कार. इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. पण आपला धाकटा गेनू बरा नाही.

त्याच्या नडगीच्या हाडात पू झाला आहे. पुण्याहून काढून आणलेला हाडाचा फोटो उजेडाला धरून इथल्या डॉक्टरांनी आज सकाळी ते नक्की केलं. पाय मुरगळलेला नव्हताच.

हरभरा काढला का? साळूबाईच्या पोरीच्या बारशाला मी आलो नाही, तिचा राग गेला का?

मास्तर, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून सांगतो, इथून पुढचं पारावर वाचू नका. घरात, फक्त दादा आणि आईला ऐकवा.

दादा, संक्रांतीआधी गेनूच्या मानेवर गळू झालं होतं. त्यातले जंतू रक्तातून हाडात उतरले, असं डॉक्टर म्हणतात. हाड वाळल्या लाकडासारखं नसतं. त्यातही रक्त फिरतं, ते घडवणाऱ्या बारीक जिवंत पेशी असतात. आत पू साचला की त्याला फुगायला जागा नाही. मग रक्त अडतं आणि पेशी गुदमरून मरतात. पू आणि मेलेलं हाड काढलं नाही, तर पाय गुडघ्यापासून कापावा लागेल. अशा पायाला चोळलं, तर पू आणखी पसरतो.

"पाय कोणी चोळला होता का?" डॉक्टरांनी गेनूला विचारलं.

"न्हाई," गेनू म्हणाला.

"मग तेलाचा वास कसा?"

"तालमीत जातो न्हवं, सायेब."

तालमीचा उंबरा न ओलांडलेलं पोर! डॉक्टर गेल्यावर मी चिडलो, तर म्हणतो, "दादाच्या हाताला लई मान हाय. माज्या पायापायी त्यो मान जायचा न्हाई."

मोडलेलं हाड बसवावं तर तुम्हीच. पण हे मोडलेलं नव्हतं, दादा.

दुखणं नेमकं कुठून सुरू झालं, ते डॉक्टरांना हवं आहे. आता सगळी नडगीच ठणकते, गेनूला सांगता येत नाही. पहिल्या दिवशी तुमच्या बोटाखाली तो कुठे किंचाळला, ते तुम्हांलाच ठाऊक. मी डॉक्टरांपाशी अजून तोंड उघडलेलं नाही. तुम्हीच सांगावं, असं मला वाटतं.

सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया आहे. रविवारी दुपारी कामथडीला मोटार थांबते, तिथे मी तुम्हांला घ्यायला उभा असेन. तेलाची बाटली घरीच ठेवून या.

तुमच्याच हाताखाली वाढलेला,
सोनबा