पुढची कारवी

११ सप्टेंबर
कारवी फुलली! खिडकीसमोरचा अख्खा उतार जांभळा. चहूकडे बंगले झाले, मधे एवढंच रानाचं बेट उरलंय — आणि तेही चळलं! सात वर्षांनी एकदा फुलायचं आणि मरायचं, हा तिचा नेम. गेल्या फुलोऱ्यात सृष्टी पोटात होती, ती आता कुठे बालवाडीत जातेय. "ना धड थंडी, ना धड उघडीप. कारवीचं डोकं फिरलं," प्रदीप हसला. मला नाही हसू आलं. आधी त्याच्या आईची, आत्यांची, खिडकी लावून घेतली.

१२ सप्टेंबर
लिहूनच टाकते. आत्यांच्या सासूबाई कारवीच्या फुलोऱ्यात गेल्या. मामंजीही गेल्या फुलोऱ्यातच. तिरडी उचलताना आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "फुडची कारवी माजी." त्याच दिवशी पाय गेले त्यांचे. जाताना नेसायचं नवं लुगडं ट्रंकेत घालून वाट बघतायत. पुढच्या फुलोऱ्याला अजून तीन वर्षं आहेत म्हणून मी निर्धास्त होते. माहेर संपल्यावर या बाईनेच मला लेक मानलं. मी नाही जाऊ देणार त्यांना!

२० सप्टेंबर
दारासमोरची कारवी कोयत्याने छाटली. फुलावरच्या कारवीला आमच्या कुरवंडे गावात कुणी हात लावत नाही. मी लावला. मागे मधमाश्यांनी कान किटायचे, यंदा एक माशी नाही. नुसती फुलं. चिडीचूप.

३ ऑक्टोबर
आत्यांना ठाऊक होतं! "पयल्या दिशीच वास आला. ही माजी न्हाई गं तेजल, ही चुकून आलीया. माजी फुडची. तवर हाय मी हितंच." गळ्यात पडून रडले. खिडकी उघडली.

१७ फेब्रुवारी
अवकाळी पाऊस. संध्याकाळी सगळा उतार तडतडायला लागला — वाळकी बोंडं फुटत होती. ती जूनच्या पावसात फुटायची! आत्या मात्र खूश. "बी पडलं. आता माजी उगवंल."

२८ फेब्रुवारी
कोंब आले. किती कोवळे!

२६ मार्च
हे ऊन मार्चचं नाही. कोंब सगळे करपले, चिमटीत धरले की भुगा. जुनी झाडं फुलून मेलेलीच. आत्या विचारतात, "किती वाढली गं?" मी म्हणते, "वीतभर."

२ जुलै
सकाळी अंथरुणात आत्या नाहीत! उतारावरून चालत आल्या — चालत! — पाय चिखलाने भरलेले. "तितं कायच न्हाई गं. आता मी जाऊ कशी?"
ट्रंकेतलं लुगडं त्यांनी रोजच्या नेसण्यात काढलंय.