पाय माझा, क्लच त्यांच्या पसंतीचा

३ नोव्हें., सोम.
गाडी गॅरेजमधून आली. क्लचवर पाय दिला तर वाटलं पेडलखाली वीट ठेवलीय. प्र.ला विचारलं, हे काय बसवलंस? नवरा खूश. रेसिंगचा आहे म्हणे, त्याच्या मित्राने, निलेशने, खास मागवला. जुना क्लच घसरत होता हे खरं. इंजिन ओरडायचं, गाडी पळायची नाही, जळका वास. पण तेही ह्या दोघांचंच पाप. ट्यूनिंग करून ताकद वाढवली, रविवारी हायवेला उडवायला. सोम. ते शनि. नारपोलीहून वडप्याच्या गोडाऊनला ड्युटीला मी नेते ती गाडी. माझ्या नावावरची. मला एका शब्दाने विचारलं नाही.

५, बुध.
धामणकर नाक्यावर पंचवीस मिनिटं. डाव्या गुडघ्याला आग. ह्या क्लचला मधलं काही नाहीच. एकतर सुटलेला नाहीतर पकडलेला. रांगेत हळूहळू सरकवावी तर आधी थरथरते, मग बेडकासारखी उडी. दोनदा बंद पडली. मागून शिव्या.
प्र. म्हणाला, सवय होईल. मग सोफ्यावर पाय पसरून मॅच.
सासूबाईंनीच त्याला विचारलं, "तिची गाडी हाय ना? मंग तिला ईचारलास का?" त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

८, शनि.
आज माणसाला लागलं. माझ्या हातून.
नाक्यावर पुढे कापडाच्या ताग्यांची हातगाडी. रांग हलली, मी पाय उचलला. हळू उचलला, अगदी हळू. गाडीने उडी घेतली. हातगाडी ढकलणाऱ्याचा पाय बंपर आणि हातगाडीच्या मध्ये. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता खाली बसला. लोक जमले, एकाने बॉनेटवर हात आपटला. तोच माणूस सगळ्यांना म्हणत होता, "जाने दो, दीदी ने जानबूझके नहीं किया."
ह्याच गाडीतून हॉस्पिटलला नेलं. वाटेत परत बंद पडली. मागे तो कण्हतोय आणि मी चावी फिरवतेय.
घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. नाव रामसूरत. पॉवरलूमवर शिफ्ट करतो, शिफ्ट सुटली की हातगाडी. पोलिसांनी माझा जबाब घेतला. गाडी कोण चालवत होतं? मी.

घरी आल्यावर प्र. : "तुला हाफ क्लच जमत नाही अजून."
अकरा वर्षं. अकरा वर्षं चालवतेय मी. ताट तसंच ठेवून उठले.

१०, सोम.
 आज सकाळी प्र.ला म्हटलं, तू चालव, मला वडप्याला सोड. नऊ वाजताच निघू म्हटलं, मुद्दाम, सगळ्यात गर्दीच्या वेळेला.
नाक्यापर्यंत चारदा बंद पडली. पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा रिक्षावाल्यावर ओरडला. मग रेडिओ बंद केला. मी खिडकीबाहेर बघत बसले. वडप्याला उतरला तेव्हा डावी मांडी दाबत होता.
म्हणाला, निलेशची तर मस्त चालते.
मी विचारलं, निलेश ह्या वेळेला नाक्यावरून कधी गेलाय?


१२, बुध.
अर्धी रजा टाकून गॅरेज. एकटी. गॅरेजवाल्या अन्वरभाईंनी सरळ सांगितलं, हा क्लच शर्यतीच्या गाडीचा. प्लेटीवर सिरॅमिकचे तुकडे, त्याला सावकाश पकडणं माहीतच नाही. तुमच्या इंजिनाच्या दुप्पट ताकदीसाठी बनवलेला. मग बसवलात कशाला? मान खाली घालून म्हणाले, "साहब बोले गाड़ी मेरी है. मैंने पूछा ही नहीं, चलाता कौन है."
संताप आला. पण निदान कबूल केलं. मग त्यांनी विचारलं, रोज किती अंतर, किती ट्रॅफिक, चढ कुठे, मागे कोण बसतं. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
कंपनीचा मूळ क्लच घातला तर ह्या ट्यूनिंगवर परत घसरणार. म्हणून मधला. पूर्ण गोल अस्तराची प्लेट, मध्ये झटका खाणाऱ्या स्प्रिंगा, दाब मूळपेक्षा थोडाच जास्त. इंजिनाच्या ताकदीला पुरून थोडा उरेल इतकाच. ट्यूनिंगसुद्धा उतरवायचं का, ते ठरवलेलं नाही. ते मी ठरवणार.
निलेशचा फोन. हसून म्हणाला, लेडीज क्लच घेतलात म्हणे. मी फोन ठेवला.

१६, रवि.
बसवला. पहिले हजार किमी जोरात न्यायची नाही. पाय ठेवला, उचलला, गाडी शांतपणे निघाली. नारपोलीतल्या बोळातून चालत्या माणसाच्या वेगाने नेली. ना थरथर, ना उडी.
गाडी बाजूला घेऊन रडले. आनंदाने नाही. एवढं सोपं होतं.

२०, गुरु.
रामसूरतकडे गेले. लूमच्या वर पत्र्याची खोली, जमीन हादरते. पाय डब्यावर ठेवून बसला होता. त्याची शिफ्ट भाऊ करतोय, स्वतःची करून. मला विचारतो, "गाड़ी ठीक हो गई, दीदी?"
हो म्हणाले. 
घरी प्र.ला म्हटलं, क्लच कोणी निवडला ते तू रामसूरतला सांग. तो म्हणाला, "गाडी तू चालवत होतीस."
चालवत होते. क्लच थरथरतोय हे माहीत असून चालवत होते, तेवढं माझं. उरलेलं मी का उचलू?

२३, रवि.
दुपारी दोघं रामसूरतकडे गेलो. खोलीखाली गाडी लावली. प्र. उतरलाच नाही. पट्टा लावून समोर बघत बसला. मी एकटी वर गेले, फळं दिली, पाच मिनिटांत खाली. 
चहा घेताना म्हणाला, उद्या सकाळी मी एकटा जाऊन येतो.
काय सांगणार, विचारलं नाही. विचारलं की भांडण काढेल आणि जायचं राहील. उद्या मी शेअर रिक्षाने जाईन ड्युटीला. गाडीची चावी त्याच्या हातात दिली.
म्हटलं, "निलेशला बरोबर नेऊ नकोस."
चावी घेतली. विचारलं, "वर गेल्यावर खोली कुठल्या बाजूला?"