तराफ्याचं वेळापत्रक

२ जून, सकाळ

एंडाहचा फोन. मुलगी आपणहून फोन करते तेव्हा काहीतरी मोठं असतंच. जाकार्ताच्या शाळांना सुट्टी लागते आहे आणि या वर्षी ती मुलांना घेऊन सासरी समुद्रावर न जाता चार दिवस आमच्याकडे येणार. जावईबापूंना रजा नाही.

फोन ठेवताना म्हणाली, "बाबा, या वेळी लारासला कंटाळा आला तर पुढच्या वर्षी तिला ओढून आणणं माझ्या हातात नाही. अकरा वर्षांची झाली आता."

गेल्या खेपेस लारास आमच्या सेमारांगच्या घरात चारही दिवस पंख्याखाली बसून होती. निघताना मी विचारलं, पुन्हा कधी येशील, तर म्हणाली, "बघू."

'बघू' हे काय उत्तर झालं. या वेळी तिच्या तोंडून 'येईन' वदवून घ्यायचं. संकल्प पहिला आणि शेवटचा.

जागा ठरली. प्रोगो नदीचं खोरं, माझ्या बायकोचं, वार्सिनीचं माहेर. नदी, भातखाचरं, बांबूचा तराफा. समुद्राचं काय एवढं, नुसतं पाणी आणि वाळू.

३ जून

छत्तीस वर्षं बस स्टँडवर गाड्या वेळेवर सोडल्या. चार दिवसांची सहल म्हणजे किस झाड की पत्ती. नवी वही आणली.

वार्सिनी म्हणाली, "गाडीला शिट्टी मारली की ती निघते. पोरांचं तसं नसतं." तिला नियोजनातलं कळत नाही. बिचारी.

६ जून

तुकिमानला फोन केला. वार्सिनीचा धाकटा भाऊ, शेती करतो, नदीकाठीच घर. मुद्दे लिहूनच बसलो होतो. मागची खोली रिकामी आहे का? डोहात पोहण्याइतकं पाणी असेल का? तराफा आहे का?

तिन्हींना उत्तर एकच. "इंग्गिह, भाऊजी."

दहा मिनिटांत काम फत्ते. वार्सिनी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नुसतं इंग्गिह म्हणाला? आणखी काही नाही?" म्हटलं, आणखी काय हवं, हो म्हणजे हो. तर म्हणते, "माझा भाऊ आहे तो. त्याला विचारा, नदीत हत्ती आहेत का."

असले पोरकट प्रश्न मी विचारत नाही.

६ जून, दुपार

विचारला. इंग्गिह म्हणाला. खोऱ्यात फोनला आवाज नीट येत नाही.

७ जून

शेजारचे सुराट आले होते. पुढच्या रविवारी सगळ्या गल्लीने मिळून गटार उपसायचं आहे, याल ना? म्हटलं, इंग्गिह. अर्थात जाणार नाही, कंबर धरते. पण दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं हे आपल्या रीतीत बसत नाही. 'हो जी' म्हणायचं, पुढचं पुढे. त्यांनाही ते ठाऊक असतं. चहा पिऊन आनंदात गेले.

११ जून

वेळापत्रक तयार. पहाटे ५.१० उठणे. ५.३० सूर्योदय पाहणे. ६.०० कवायत. ६.३० ते ९.०० तराफा. ९.०० ते ९.०५ विश्रांती. पुढे नदीचा इतिहास, पक्ष्यांची ओळख, पुन्हा तराफा. चारही दिवस लाल आणि निळ्या शाईत.

वार्सिनीने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "छान आहे. जेवणार कधी?"

एक रकाना वाढवला. विश्रांती गेली.

१४ जून, रविवार

गटाराला गेलो नाही. सुराट बाहेरून हाका मारत होते. माणसाला इतकंही कळू नये.

१५ जून

लारासशी फोनवर बोललो. तिने विचारलं, "आजोबा, तराफा खरा आहे का? की तुम्ही नुसतं म्हणताय?"

म्हटलं, खरा म्हणजे? अठरा बांबूंचा. पुढे तू बसायचं, मागे मी वल्हवणार. (बांबू किती ते तुकिमान बोलला नव्हता, पण अठराहून कमी कोण लावतं.)

 मग म्हणाली, "मी आधी कधीच तराफ्यावर बसले नाहीये." आवाजात फरक होता. वार्सिनीला म्हटलं, गड अर्धा सर.

तिच्या धाकट्या भावाने, गिलांगने विचारलं, मगरी आहेत का. नाहीत म्हटलं तर हिरमुसला.

१७ जून

पोरांच्या सुरक्षेसाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दोरीने बांधून दोन जाकिटं केली. न्हाणीच्या हौदात एक टाकून पाहिलं. उत्तम तरंगतं. मात्र आत माणूस नव्हता.

१९ जून

तराफा वल्हवण्याचा सराव. अंगणात फळी ठेवली, वर उभा राहिलो, जळमटं काढायच्या काठीने जमीन रेटली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी हे डोळे मिटून करत असे. निदान करणाऱ्यांना पाहत असे.

दुपारी कंबर. वार्सिनीने मलम चोळलं. चोळताना एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

२४ जून

खात्री म्हणून तुकिमानला पुन्हा फोन. तराफा तयार आहे ना? "इंग्गिह, भाऊजी." खोली? "इंग्गिह." त्याच्या आवाजात मला विशेष उत्साह वाटला. वार्सिनी म्हणाली, "बोलाचाच भात, बोलाचीच कढी. एकदा बसने जाऊन बघून या." म्हटलं, सख्ख्या मेहुण्यावर संशय घ्यायचा? तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

२७ जून

निघालो. एंडाह आणि मुलं काल रात्रीच आली होती. ठरलेली वेळ ६.००, प्रत्यक्ष ८.४०. गिलांगचा एक बूट सापडत नव्हता. शेवटी तांदळाच्या डब्यात सापडला. का, ते कुणी विचारलं नाही.

दुपारी पोचलो. तुकिमान आणि त्याची बायको मुर्नी दारात उभी होती, दोघंही हसत. मागची खोली उघडली. छपरापर्यंत मक्याची कणसं.

मी तुकिमानकडे पाहिलं. म्हणाला, "इंग्गिह, भाऊजी. उद्या रिकामी करतो."

रात्रीपुरते सगळे ओसरीत चटयांवर. उद्याचं उद्या.

२८ जून, सकाळ ६.३०

तराफ्याची वेळ. लारास आपणहून उठली, केस बांधून तयार. माझ्याआधी. ही बाब मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तुकिमान पुढे, आम्ही मागे. नदीकडे न वळता तो टेकाडाकडे वळला. बांबूच्या बेटापाशी थांबला आणि हात केला. बेट हिरवंगार, उभं.

"तराफा?" मी.

"इंग्गिह, भाऊजी." फार आदराने बोलला. "बांबू हा असा आहे. नदी ती तिथे आहे."

म्हटलं, मग तोड आता. म्हणाला, "इंग्गिह." आणि हलला नाही. नंतर मुर्नीने सांगितलं, आजचा वार बांबू तोडायचा नाही, कीड लागते. बरा वार पाच दिवसांनी.

लारासने माझ्याकडे पाहिलं. 'बघू' म्हणतानाचा चेहरा असतो ना, तो.

२८ जून, ११.००

नदीवर गेलो. वरच्या गावाने पाणी शेताकडे वळवलं आहे. डोहात पाणी गिलांगच्या गुडघ्यापर्यंत. बाटल्यांचं जाकीट घालून तो डोहाच्या मधोमध बसला आणि खूश झाला. त्याचं काय, त्याला बादलीही चालते.

पक्ष्यांची ओळख करून दिली. दोनच होते. दोन्ही कोंबड्या.

२८ जून, संध्याकाळ

एक कठीण प्रसंग. जेवताना मुर्नीने लारासच्या पानात तिसऱ्यांदा फणसाची भाजी वाढायला घेतली. लारास म्हणाली, "नको." नुसतं, सरळ, नको.

मुर्नीचा डाव हवेत. एंडाहने मान खाली घातली. तिनेच जाकार्तात वाढवलं, आता काय.

मी लारासला ओसरीवर नेलं. समजावलं की मोठ्यांना 'नको', 'नाही' असं तोंडावर म्हणू नये. हसायचं, जरा वाकायचं, इंग्गिह म्हणायचं. मग खायचं तर खा, नाहीतर ठेव. कुणी बघत नाही.

तिने विचारलं, "मग तुकिमान आजोबा तराफ्याला हो म्हणाले ते तसलं होतं?"

म्हटलं, ते वेगळं.

"मग खरं हो आणि हे हो, यातला फरक कसा कळतो?"

म्हटलं, कळतो. अनुभवाने. माझ्यासारख्याला दहा पावलांवरून कळतो.

पोरगी हुशार आहे. आत जाऊन मुर्नीला म्हणाली, "इंग्गिह, आजी." मुर्नीने एवढी भाजी वाढली की ती संपवायला गिलांग लागला.

२९ जून

खोली अजून मक्याचीच. वेळापत्रकाप्रमाणे कवायत. हजर एक. मी.

मग मला सुचलं. केळीचे खांब. लहानपणी आम्ही केळीच्याच खांबांवर तरंगत असू. तुकिमानने कालच घड काढलेल्या दोन केळी आडव्या केल्या होत्या. बांबूच्या काड्या आरपार खुपसून दोन्ही खांब जोडले. काड्यांना वार लागत नाही, मी विचारून घेतलं. तराफा झाला. अठरा बांबूंचा नाही, पण तराफा.

वरच्या बाजूला थोडं खोल पाणी शोधलं, माझ्या मांडीइतकं. लारास काठावर उभी. म्हटलं, आधी मी चालवून दाखवतो, मग तू. उभा राहिलो. काठी रेटली. तीन पावलं उत्तम गेलो. मग खांबांनी कूस बदलली.

मी पाण्यात बसलो. अंगभर चिखल. टोपी स्वतंत्रपणे पुढे निघाली आणि छान तरंगत गेली.

काठावरून आवाज आला. आधी वाटलं पोरगी रडते आहे. हसत होती. पोट धरून, खाली बसून. एंडाहही. तुकिमान सोडून सगळे. तो पाण्यात उतरला, मला उठवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "चांगला चालवलात, भाऊजी."

त्यानंतर दुपारभर लारास आणि गिलांग त्या खांबांवर पालथे पडून पाय मारत होते. वल्हवणं नाही, शिस्त नाही. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. नदीचा इतिहास राहिला. पूर्ण दिवस वाया.

३० जून

शेवटचा दिवस. खोली रिकामी करायला सगळेच बसले. ओसरीत मक्याचा ढीग, मुर्नी दाणे सोलायला शिकवते आहे, लारास तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. मुर्नीने गावातल्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगितली. नवरदेव बैलावरून पडतो ती. लारासने ती तीनदा सांगायला लावली. नखं पिवळी, केसात कणसाचे तंतू. तिला वेळापत्रक दाखवलं की आत्ता सूर्यास्त पाहायचा आहे. म्हणाली, "इंग्गिह, आजोबा," आणि सोलत राहिली.

वळण लागलं पोरीला.

खोली संध्याकाळी रिकामी झाली. सामान आत नेलं. उद्या सकाळी निघायचं.

१ जुलै, दुपार, सेमारांग

निघताना तुकिमान म्हणाला, पुढच्या वर्षी तराफा अठरा बांबूंचा. मी म्हटलं, नक्की? म्हणाला, "इंग्गिह." वार्सिनीने बसच्या खिडकीतून बाहेर बघायला घेतलं.

स्टेशनवर एंडाह आणि मुलांची गाडी लागली. आता घोडामैदान. लारासने आपल्या रीतीप्रमाणे माझा हात घेतला, कपाळाला लावला. मी विचारलं, "पुढच्या वर्षी येशील ना?"

ती हसली. जरा वाकली. अगदी स्वच्छ म्हणाली, "इंग्गिह, आजोबा."

गाडी गेली. तीन मिनिटं उशिरा, पण ते असो.

संकल्प तडीस. पोरीच्या तोंडून हो वदवलं. 'बघू' नाही, हो.

१ जुलै, ४.००

हसली, वाकली, मग म्हणाली. मी शिकवलं होतं त्याच क्रमाने. क्रम फारच बिनचूक होता.

पण तिची नखं अजून पिवळी होती. आणि मुर्नीने दिलेलं एक कणीस तिने पिशवीत न ठेवता हातात धरलं होतं, गाडीत चढेपर्यंत. त्याचा काही संबंध असेल का?

१ जुलै, ४.४०

सुराट येऊन गेले. येत्या रविवारी पुन्हा गटार. म्हटलं, येतो. नुसतं इंग्गिह म्हटलं नाही, येतो म्हटलं. सुराट दारात बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

१ जुलै, ५.१५

वार्सिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. शेवटी तिलाच विचारलं. म्हटलं, तू होतीस ना तिथे, लारासचं ते हो खरं होतं ना?

तिने सूप थांबवलं नाही. मान वर केली नाही. पण हसत होती, एवढं मला बाजूने दिसलं.

म्हणाली, "इंग्गिह."