पंच्याहत्तर किलोचा ड्रायव्हर

आई,

सध्या माझे रविवार भोसरीतल्या एका शेडमध्ये जातात. तिथे मी आणि माझा कॉलेजातला मित्र मिळून एक गाडी उभी करतो आहोत. आठवडाभर चाकणला गाड्यांच्या चाचण्या घ्यायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीच, यावर तू काय म्हणाली असतीस याचा मला अंदाज आहे. ही गाडी किटची आहे. पाइपची चौकट, पत्रा आणि आराखडा मिळतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आपण शोधून बसवायचे. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची. ती आम्हाला डांबरी रस्त्यावरच्या रॅलीत उतरवायची आहे. घाटातला रस्ता दिवसभर बंद ठेवतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. एक जण चालवतो, शेजारचा पुढची वळणं वाचून दाखवतो. एवढंच असतं, पण त्यात सगळं येतं.

किट निवडताना आमचं भांडण झालं. मित्राचा जीव दुसऱ्याच एका गाडीवर होता. तिचं इंजिन मोटरसायकलचं, सीटच्या मागे, आणि गाडी इतकी हलकी आणि खाली की गुळगुळीत ट्रॅकवर तिला कुणी गाठू नये. पण घाटात ठिगळं असतात, तुटलेल्या कडा असतात, आधी गेलेल्या गाडीने कडेवरून रस्त्यात ओढून आणलेली खडी असते. तिथे चाकाला वर-खाली व्हायला जागा लागते. शिवाय माझा पहिला प्रश्न होता, क्लच प्लेट कुठे मिळेल. "तू लग्नाच्या मांडवात डॉक्टरचा नंबर मागशील," तो म्हणाला. मला पिंपरी कॅम्पातलं ते भांड्यांचं दुकान आठवलं. तू कुकर हातात घेतेस आणि किंमत विचारायच्या आधी याची रिंग कुठे मिळते ते विचारतेस. दुकानदार हसतो. "बाई, अजून कुकर तर घ्या." तू हसत नाहीस. रिंग दाखवल्यावरच पिशवी उघडतेस. आम्ही साध्या हॅचबॅकचं इंजिन पुढे बसणारी गाडी घेतली. तिचे भाग पिंपरीच्या बाजारात एका फेरीत मिळतात.

पहिली जुळणी मी चुकवली. सवयीने गाडी खाली बसवली, स्प्रिंग कडक घेतल्या, आणि एका खासगी आवारातल्या उखडलेल्या रस्त्यावर नेली. ती ठिगळांवरून टणाटण उडाली. हवेतल्या चाकाला पकड नसते, हे मी नवशिक्यांना शिकवते. मग मऊ स्प्रिंग घातल्या, उंची वाढवली, इंजिनखाली जाड पत्र्याचं कवच लावलं. आता गाडी ठिगळ गिळते आणि रस्ता सोडत नाही.

उरलं होतं चारही चाकांवरचं वजन जुळवणं आणि सीट. या गाडीत सीट सरकत नाही. चालवणाऱ्याच्या पायाच्या मापाने ती एकदाच कायमची बसवतात. वेल्डिंग करणारे काका मूळचे भोसरीचेच. ते सीट तात्पुरती बोल्टवर ठेवून विचारत होते, "ताई, कुनाच्या पायानं लावू? एकदा डाग मारला की पुढं-मागं व्हनार न्हाई." मी वजनकाट्यांकडे बघत होते. "आधी वजन बघू," म्हटलं, आणि वाळूची पोती तोलून ड्रायव्हरच्या जागी रचली. चार चाकांखाली चार काटे. मी स्प्रिंगचे नट फिरवत होते, आकडे एकमेकांजवळ येत होते. मला समाधान वाटत होतं.

मित्र चहा घेऊन आला आणि पोत्यांपाशी उभा राहिला. "हे कोण पाहुणे?"

"ड्रायव्हर."

"वजन?"

"पंच्याहत्तर."

तो काकांकडे वळला. "काका, आपल्यात पंच्याहत्तर किलोचं कोण आहे?"

"म्या न्हाई बा," काका म्हणाले. "तुमी तर दोन पोती जास्तीच हाय."

कंपनीत प्रत्येक चाचणीत ड्रायव्हर पंच्याहत्तर किलोचा धरतात. तिथे तो कोण हे विचारायचं नसतं. मी तोच माणूस इथे आणून बसवला होता. तो मी नव्हते, मित्रही नव्हता. चालवणार कोण हे आम्ही ठरवलंच नव्हतं. घड्याळ लावून चालवलं की प्रत्येक वेळी मी त्याच्यापेक्षा कमी वेळ घेते, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघेही त्यावर गप्प होतो. मी गप्प होते, कारण कुणी न सांगताच शेजारी बसून वळणं वाचायची मी मनाशी तयारी केली होती.

तुझा एक गुरुवार मला आठवतो. कारखाने बंद, वसाहतीतले रस्ते मोकळे. तू बाबांची स्कूटर शिकते आहेस आणि मी फुटपाथवर बसले आहे. बाबा "थांब, थांब" म्हणत मागे धावतात. तू थांबत नाहीस, कोपऱ्यावर दिसेनाशी होतेस आणि दुसऱ्या गल्लीने परत येतेस. पदर खोचलेला, चेहरा असा की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. बाबा म्हणतात, "जमलं की. पण तुला कुठं जायचंय गाडी घेऊन? कंपनीची बस येते." तू म्हणतेस, "ते पण खरंच," आणि किल्ली देतेस. घरी येऊन तांदूळ धुतेस. पुढे तू कधी चालवली नाहीस. तू घाबरून सोडलीस असं मी खूप वर्षं धरून चालले होते. घाबरलेलं माणूस दुसऱ्या गल्लीने परत येत नाही.

मी पोती उतरवली आणि आत बसले. क्लच शेवटपर्यंत दाबून पाहिला. पाय तळापर्यंत पोचत नव्हता.

"माझ्या पायाने लावा," मी काकांना म्हटलं.

मित्राने चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "चला, बोललीस एकदाची. पण घाटात खाली मान घालून वाचायचं म्हणजे मी ओकणार."

"ओक. आधी वळण सांग."

सीट बरीच पुढे आली. पोत्यांसाठी जुळवलेले आकडे सगळे मोडले, कारण मी हलकी आहे आणि तो जड. मी आत बसून आकडे वाचले, त्याने नट फिरवले, मग तो शेजारी बसला, नट काकांनी फिरवले आणि दोघांच्या वजनावर पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. संध्याकाळी त्याच आवारातल्या रस्त्यावर मी ती चालवली. वळणात गाडी जिथे ठेवायची तिथे राहत होती. पहिल्या नंबराचं मी काही म्हणत नाही. गाडी शेवटपर्यंत जाईल, आणि चांगली जाईल, असं मला वाटतं. एवढं मी कामाच्या अहवालातही लिहीत नाही.

बाबांना माहीत आहे की मी गाडी बनवते आहे. चालवणार कोण हे त्यांनी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. उद्या फोन करून सांगणार आहे, "गाडी मी चालवणार." हे पत्र कुठे पाठवायचं नव्हतंच. ते वाक्य आधी तुला सांगून बघायचं होतं.