न पाहिलेला वटवट्या

४ नोव्हेंबर
इंटरव्ह्यू झकास. जुनी नोकरी गेल्यावर व्हिसावर मिळालेली तीन महिन्यांची मुदत ३० तारखेला संपते. तोवर नवी कंपनी नाही मिळाली तर मी, बायको मृदुला, लेक इरावती, तिघंही नेदरलँड्समधलं हे आल्मेरे सोडून परत पुण्याला. पण मिळणारच. मॅनेजर बार्ट पक्षीवेडा निघाला. मीही म्हणालो, पंधरा वर्षं बर्डिंग करतो. (गॅलरीतली कबुतरं हाकलणं धरलं तर वीस.)

७ नोव्हेंबर
बार्टचा मेसेज. हिमालयाच्या जंगलातला एक पर्णवटवट्या वाट चुकून इथल्या पाण्याकाठच्या बांधावर उतरलाय. अंगठ्याएवढा, हिरवट, किडे खातो. हिवाळ्यात पुण्याकडेही येतो म्हणे. मी कळवलं, आमच्या गच्चीत रोज यायचा. उद्यापासून रोज सकाळी बांधावर. सीव्ही नंतर.

११ नोव्हेंबर
चार दिवस झाले. सेकंडहँड दुर्बीण, आडवा पाऊस, बोटं बधिर. पक्षी नाही. आजूबाजूला चाळीस डच माणसं तासन्‌तास उभी आणि विचारलं की सरळ 'नाही दिसला' सांगतात. बार्टसुद्धा. मॅनेजर असून! मृदुलानं विचारलं, अर्ज किती टाकलेस? म्हटलं, हाच अर्ज.

१५ नोव्हेंबर, स. ९.४०
सोमवारी दुसरी फेरी. रिकाम्या हातानं कसं जायचं? बार्टला कळवलं : दिसला! आत्ताच! पानाआड, पण स्पष्ट. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवरही टाकलं. अभिनंदनं येतायत. काम फत्ते.

१५ नोव्हेंबर, दु. १२
बार्टनं फोटो पाठवला. पक्षी कुणाच्या तरी तळहातावर, पाय वर. सकाळी साडेसातला कॅफेच्या काचेवर आपटून मेला.
दोन असू शकतात. तसं लिहिलं.

१७ नोव्हेंबर
दुसरी फेरी रद्द. बार्टचं मेल : कोड चांगला लिहितोस, पण सिस्टिम बंद पडलेली असताना 'चालू आहे' कळवणारा माणूस मला नको.
इतकं तोंडावर? आपल्याकडे निदान 'कळवतो' म्हणतात.

२८ नोव्हेंबर
एकतीस अर्ज. सगळीकडून नकार. मुदत संपायला दोन दिवस. मृदुला पुण्याची तिकिटं बघतेय.
इरावतीला सांगितलं, पक्ष्यापायी नोकरी हुकली, परत जावं लागणार. मी मराठीत, ती डचमध्ये. तिनं विचारलं, बाबा, तो पक्षी खरंच पाहिलास? म्हटलं, नाही. आणि तिच्यासमोरच रडू फुटलं. म्हणाली, मग बार्टला सांग ना तसं.
लिहिलं. खरं तेवढंच, चार ओळी. पाठवलं.
लगेच उत्तर आलं. ऑटो-रिप्लाय. सुट्टीवर आहे, १ डिसेंबरला भेटू.