हॅनिंगफेनच्या मनोऱ्याला घाई नको

देवाला स्मरून मी, गेफ्री थर्कटल, हॅनिंगफेन गावचा शेतकरी, शरीराने खंगलेला पण मनाने सावध, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हे अक्षर फादर एडमंड यांनी चर्चच्या ओसरीत शिकवलेले आहे.

माझा आत्मा देवाच्या स्वाधीन. देह चर्चच्या उत्तरेला, माझा भाऊ ॲडम याच्या शेजारी पुरावा.

घर, तांबडी गाय आणि पितळी हंडा पत्नी सिसली हिला. ती म्हणते, "अहो, पुरे आता, पडा जरा." तिने माझे पुष्कळ सोसले.

नदीकाठचे जवाचे शेतही तिचेच, पण एका अटीवर. नवा मनोरा पुरा होईपर्यंत त्या शेताचा सगळा पेंढा दर शरदात चर्चला जावा. गारगोटीच्या भिंतीतला चुना सावकाश सुकतो. म्हणून एका उन्हाळ्यात दोन पुरुषांहून अधिक उंच बांधू नये, आणि थंडीआधी भिंतीचा माथा पेंढ्याने व शेणाने झाकावा. जुना मनोरा एकाच उन्हाळ्यात उभा केला होता. ओला चुना बर्फाने फुगला आणि लेंटचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ॲडम घंटा वाजवत असताना, सगळा खाली आला. दोर त्याच्या हातातच होता.

चर्चचा कारभारी वॉल्टर पाय याला हे पटत नाही. भर पारावर मला म्हणाला, "अरे गेफ्री, तुझा मनोरा वर जाईपर्यंत शेजारच्या गावच्या घंटा ऐकून आमचे कान किटतील!" त्याला माझी कान झाकणारी लोकरी टोपी द्यावी. मनात राग ठेवून जात नाही, पण टोपी द्यावीच.

मनोऱ्याच्या कामावरची माझी थापी आणि चुन्याचे घमेले गवंडी रेनॉल्ड याला.

मनोरा मी पाहणार नाही, याचे दुःख नाही. ज्यांनी वेदीमागची भिंत बांधली, त्यांनी तरी छत कुठे पाहिले? पण यंदाची भिंत अजून उघडी आहे आणि पहाटे गवत पांढरे होऊ लागले आहे. माझ्यासाठी खड्डा खणणाऱ्यांनी आधी पेंढा वर चढवावा. आधी भिंत झाका, मग मला.

हॅनिंगफेन, सेंट ल्यूकच्या सणाचा दुसरा दिवस, सन १४७१.

गेफ्री थर्कटल

साक्षीदार: फादर एडमंड, सही. वॉल्टर पाय, फुली. फुली मारून तो म्हणाला, "पेंढा मी स्वतः वाहतो. पण गेफ्री, तू घाई करू नकोस." त्याच्या सांगण्यावरून मी हेही लिहिले.