तू भरलेलं शून्य

प्रिय ठकू,

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून हे पत्र. निवृत्त मुद्रितशोधकाचं बोलणं तोडता येतं, लिहिलेलं मात्र शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आपल्या ऑनलाइन शब्दकोशाच्या स्वयंसेवकांची पाहणी माझ्या गळ्यात पडली, हे तुला ठाऊक आहे. तूही त्यात चित्रं चढवतेसच. कोणाला कोणती भाषा किती येते, ते शून्य ते पाच आकड्यांत भरायचं होतं. बासष्ट फॉर्म आले आणि मी डोक्याला हात लावला. दोन सहली करून आलेल्या एका दंतवैद्यांनी परक्या भाषेपुढे बिनदिक्कत पाच ठोकले होते. जन्मभर आपल्या भाषेत संसार केलेल्या एका शिंपीणबाईंनी लिहिलं होतं, एक, चुकत असल्यास क्षमस्व. मग मी आकडेच उडवले आणि नवे प्रश्न काढले. या भाषेत डॉक्टरला दुखणं सांगता येतं का? रडणाऱ्या मुलाची समजूत काढता येते का? दुकानदाराशी हुज्जत घालता येते का? शिंपीणबाई एकदम सगळ्यांच्या वर गेल्या. दंतवैद्य आठवडाभर रुसले आणि मग आपणहून खाली उतरले. समितीने माझी पाठ थोपटली. मी जरा फुगलोही, खोटं कशाला सांगू.

फक्त एक भाषा अडली आहे, तुझ्या आईची. गेल्या सहा महिन्यांत मी तिच्या तोंडून चारशे शब्द टिपले, पण ते तपासायला बोलता येणारा एक तरी स्वयंसेवक लागतो. नाहीतर महिनाअखेर ते पान बंद होईल. नियम योग्यच आहे, बैठकीत मीच तो उचलून धरला होता. त्या भाषेपुढे दोघांचीच नावं आहेत. माझ्यापुढे लिहिलंय, ऐकून कळते, बोलता येत नाही. तू आधी शून्य भरलंस आणि नव्या प्रश्नांनाही सरळ नाही, नाही, नाही.

अगं, दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरलं. ही मला दिसणार नाही असं वाटलं तुला? सहा वर्षांची होतीस तेव्हा मावशीच्या जिन्यात बसून तिच्याशी तासभर भांडलीस, मांजरीचं पिल्लू घरी न्यायचं म्हणून. सगळं आईच्या भाषेत. मावशी हरली आणि ते पिल्लू आपल्याकडे अकरा वर्षं सोफ्यावर लोळलं. असं भांडता येणाऱ्या मुलीची भाषा शून्य होत नाही. गंजते, एवढंच.

आणि ती गंजली माझ्यामुळे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी मागे पडतेय, घरात एकच भाषा बोला. मी घरी येऊन फर्मान काढलं. आईने वाद घातला नाही. तुला मी दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा गरजच पडली नाही. तेव्हा मला वाटलं, केवढं शहाणपण केलं. चुकलो, ठकू. तुझ्यापाशीही चुकलो आणि तिच्यापाशीही.

ते पान बंद पडलं तर पडो, पत्र त्यासाठी नाही. आई चालते, जेवते, कुंड्यांना पाणी घालते, हे मी सांगतो ते खरं आहे. ती झोपलीय, म्हणून फोन देत नाही, हे मात्र खोटं. आजारपणात तिची आपल्या घरातली भाषा गेली. उरली ती लहानपणची, तिची स्वतःची. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधीकधी. दिवसभर ती बोलते, मला शब्द न् शब्द कळतो आणि उत्तर देता येत नाही. मी दोन शब्द जुळवले की ती हसते आणि कुंड्यांकडे वळते. मावशीही आता नाही. तिच्याशी बोलू शकेल असं माणूस मला एकच माहीत आहे. येत्या रविवारी ये. अडखळलीस तरी चालेल, पण तिच्यासमोर बसून बोल. काल तिने मला विचारलं, पोरगी माझ्याशी माझ्या भाषेत का बोलत नाही? प्रश्न मला कळला. उत्तरही माहीत होतं. ते तिला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

तुझाच, चूक कबूल असलेला,
बाबा